माझ्या नावाची छत्री

ईनबाई, बाकीचं सावकाश बोलू. आधी एक गोष्ट निकालात काढते. तुम्ही अळंबी खाऊन गेलेल्या नाहीत.

हे मला जाफराबादला तुमच्याच ओसरीवर, भर बायकांत सांगावं लागलं. डॉक्टरांनी अटॅक लिहून दिला होता, इवाई, म्हणजे तुमचे मालक, येईल त्याला तेच सांगत होते. पण अटॅकमध्ये गावाला काय रस? तो कुणालाही येतो. रानात कुत्र्याच्या छत्र्या शोधत फिरणारी बाई गेली म्हटल्यावर लोकांनी आपली गोष्ट जुळवूनच ठेवली होती. तुमच्या शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून माझ्याजवळ सरकल्या.

"आदल्या रातीला काय खाल्तं म्हनं?"

"वरण-भाकर," मी म्हणाले.

"त्ये तर झालं. त्याच्यासंग?"

तेव्हा मात्र मी आवाज चढवला. म्हटलं, माझ्या ईनबाईंनी जन्मात एक छत्री तोंडात घातली न्हाई. हातात घेतली, उलटी करून बघितली, वास घेतला, मधोमध कापून बघितली, पण खाल्ली न्हाई. मग काकूंनीच विचारलं, आणि खरं सांगायचं तर मीही तुम्हाला कितीदा तरी हेच विचारलं होतं, "मंग गोळा कशाला करायच्या?"

मी तुमचंच उत्तर दिलं. ज्याची ओळख झाली, त्याला खायचं कसं?

काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग कोंबडीचं कसं?"

ह्याचं उत्तर तुम्हालाच सुचलं असतं.

आपलं नातं मुळात भांडणाचं. मी मुलाची आई, तुम्ही मुलीची. मंगेशच्या लग्नात तुमच्याकडून मला आलेल्या साडीचा काठ माझ्या मधल्या जावेच्या साडीपेक्षा बारीक निघाला, आणि मी मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर तोंड मिटून बसले. तुमच्याकडच्या बायका येऊन विनवून गेल्या. आमच्या ह्यांनी लांबूनच बघितलं आणि ते जेवायला निघून गेले. शेवटी तुम्ही आलात. साडीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. हातात चहाचा कप होता. तो मी घेईपर्यंत उभ्या राहिलात. मी दोन घोट घेतले आणि उठले. तुम्ही तेव्हा माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं होतं. आता कळतं, ते ओळख पटवण्याचं बघणं होतं.

पुढं तुम्ही रेणुकाला भेटायला जालन्याला आमच्या मस्तगडच्या घरी आलात, तर पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही तुमच्या घरची जुनी रीत. मला ती ठाऊक होती, तरी झोंबलीच. आमच्या नळाला काय विष येतं का, असं मी स्वयंपाकघरात रेणुकाला ऐकू जाईल इतपत पुटपुटले. तुम्ही आपल्या बाटलीतलं पाणी प्यायला परसात गेलात ते येईचनात. मी बघायला आले तर तुम्ही मोरीजवळच्या कुजक्या ओंडक्यापुढं उकिडव्या बसलेल्या.

"ईनबाई, जल्दी या. तुमच्याकडं पाव्हणे आल्यात."

ओंडक्यावर शेंदरी रंगाच्या बारीक बारीक छत्र्या होत्या, आमच्या वरणातल्या डाळीपेक्षा थोड्या मोठ्या. मी दर पावसाळ्यात त्यांच्यावर फिनेल ओतायची. तुम्ही केसातली पिन काढून एक अलगद उचललीत आणि उलटी करून माझ्या तळहातावर ठेवलीत. खालून पातळ पातळ पाती, एकाला एक न चिकटलेली. एवढ्याशा जिवाला एवढी कलाकुसर कुणी करायला सांगितली होती, असं माझ्या मनात आलं. रुसायचं राहूनच गेलं.

मग आपल्याला राजूर सापडलं. तुम्ही जाफराबादहून काळीपिवळी जीप धरायच्या, मी जालन्याहून एसटी. चतुर्थीला गणपतीचं दर्शन, असं घरी सांगायचं. दोन्ही घरांत आपल्या भक्तीचा इतका बोलबाला झाला की इवाई आपणहून तुमच्या पिशवीत नारळ ठेवायचे. गणपतीला खालूनच हात जोडायचे, "देवा, परत येताना बराबर वर येऊ" म्हणायचं, आणि गावामागच्या टेकडीपलीकडं फॉरेस्टनं लावलेल्या सागाच्या रानात शिरायचं. परत येताना गाडीची वेळ झालेली असायची. देवानं कधी तक्रार केली नाही. नारळ मात्र आपण रानातच फोडून खाल्ले.

रानात तुम्ही माझ्या हातची भाकरी खायच्या. पहिल्यांदा मी डबा पुढं करायला कचरले, तर तुम्ही फडकं सोडून मोकळ्या झालात. म्हणालात, "रान काय माझ्या लेकीचं सासर हाय का?" ठेच्यावर तेल ओतून तुम्ही इतक्या मन लावून जेवलात की मला वाटलं, ही बाई मस्तगडला येऊन उपाशी परत जाते ती रितीपायी जाते, माझ्यापायी नाही. पुढं नात झाली, रीत फिटली. तरी घरी तुम्ही घोटभर चहाच्या पुढं गेला नाहीत. "चव रानातच लागती," म्हणायच्या. माझ्या स्वयंपाकाचं हे कौतुक होतं की निंदा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

मंगेशनं तुमच्या मोबाइलवर छत्री ओळखायचं ॲप टाकून दिलं. फोटो काढला की नाव येतं. नावं यायची ती अशी की वाचता वाचता दात हलावेत. तुम्ही एकदा घरी बसून ते तपासून बघितलंत. इवाई बाजेवर पाठ करून बसले होते, त्यांच्या टकलाचा मागून फोटो घेतलात. ॲपनं नाव सांगितलं, आणि खाली लिहून आलं की खाण्याजोगी आहे की नाही, खात्री देता येत नाही. तुम्ही ते इवायांना वाचून दाखवलंत. त्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "मंग खात्री कशी करत्यात?"

त्या दिवसापासून तुम्ही ॲपवरचा विश्वास उडाल्याचं जाहीर केलंत. "असल्या नावाचं मानूस आपल्या नात्यात न्हाई, ध्यानात कसं राहील?" मग नात्यातलीच नावं द्यायची ठरलं. गुण बघायचा, आणि तो गुण ज्याचा, त्याचं नाव.

गोल, गुळगुळीत, गुबगुबीत, आणि म्हातारी झाली की नुसतं बोट लावलं तरी भस्सकन धूर सोडणारी, ती मामेसासरे. त्यांनाही कुठलाही विषय काढून बोट लावा, जुन्या काळाची धूळ उडालीच. गवतात रुबाबात उभी राहणारी, पांढरीशुभ्र, जिच्या दांड्यावरचं कडं वर ढकललं तर वर आणि खाली ओढलं तर खाली जातं, ती वकीलकाका. वकीलकाकांचं टोपण कापून तुम्ही लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ठेवायच्या, वरून वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की खाली हिरवट भुकटी पडलेली. "बघा, रातभर झाकून ठेवल्याबिगर ह्यांचा खरा रंग कळत न्हाई. ही खाल्ली तर दोन दिवस मोरीतच मुक्काम." वकीलकाकांनी जमिनीच्या वाटणीत काय केलं होतं ते आठवून मला ते शंभर टक्के पटलं.

आणि उकिरड्यावर पहाटे उगवणारी, उंच, नाजूक, पांढऱ्या झालरीची. सकाळी बघावं तर दृष्ट लागेल, आणि दुपारी जावं तर काळं पाणी होऊन ओघळलेली. ती माझी मधली जाऊ. तिचा थाटही सकाळचाच. कुठल्याही कार्यात सकाळी सगळ्यांत नटलेली तीच, आणि जेवणं होईस्तोवर कशावरून तरी रडून काजळ फासून बसलेली. हे नाव मी दिलं होतं, तुम्ही नाही. तेवढं श्रेय माझं.

एकदा भाकरी खाता खाता मी विचारलं, "आणि माझं नाव कुनाला दिलंय?"

तुम्ही घास चावत राहिलात.

"दिलंय का न्हाई?"

"दिलंय की. लई आधी."

"कोणती?"

"ओळखून दाखवा."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. प्रत्येक छत्रीकडं मी संशयानं बघायची. उंबराच्या बुंध्याशी एक लिबलिबीत, कानाच्या पाळीसारखी दिसली, मला वाटलं हीच. बैलाच्या शेणावरची ती टोपीवाली, वाकडी मान करून उभी, मला वाटलं ही असणार. वास घेतला की शिसारी येते ती दिसली तेव्हा तर मी तुमच्याकडं बघितलंच नाही. माणूस आपल्याला काय समजतं हे तोंडावर कोण सांगतं? सांगतात ते सगळं गोडच असतं. तुम्ही मात्र नाव देताना कधी लबाडी केली नव्हती, म्हणून मला तुमच्याकडूनच ऐकायचं होतं.

मग तो फोन. जाऊबाई आमच्याकडं हळदीकुंकवाला आल्या होत्या, माझा मोबाइल टीपॉयवर, माझे हात पिठाचे. तुमचा फोन वाजला, आणि मी त्यांनाच म्हटलं, जरा तो स्पीकर दाबा. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही न करता सुरू झालात.

"ईनबाई, तुमच्या मधल्या जाऊबाई आमच्या उकिरड्यावर उगवल्यात. काय ताठा म्हनता. पन बारा वाजेस्तवर बघा, बिलकुल काळं पानी होऊन जात्यात."

जाऊबाईंनी मोबाइल खाली ठेवला, कुंकवाची कोयरी सरळ केली, आणि निघून गेल्या. मी त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले, अळंबीचं सगळं शास्त्र समजावलं, म्हटलं, हे कौतुकानं ठेवलेलं नाव आहे. त्या म्हणाल्या, "उकिरड्यावर कौतुक असतंय का?" बरोबरच होतं त्यांचं.

मी रुसले ते त्या दिवशी. फोन लावताना समोर कोण आहे ते विचारायची पद्धत असते, असं तुम्हाला सुनावलं. तुम्ही म्हणालात, नाव तर तुम्हीच दिल्तं. हे खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं. मी फोन ठेवला. तुमचे पुढचे फोन रेणुकाला घ्यायला लावले. चतुर्थी आली, मी राजूरला गेले नाही. पोटात दुखतं म्हटलं. आमचे हे म्हणाले, गणपतीला काय सांगू? मी म्हटलं, त्यांना सगळं माहीत आहे.

त्यानंतर काळीपिवळीवाल्याकडून राजूरच्या पेढ्यांचा डबा आला, चिकटपट्टी लावून. रेणुकानं तो माझ्या हातात दिला, "आईनं तुमच्यासाठी पाठवलाय." मला वाटलं, आली माघारी. आता पेढा खायचा, एक दिवस ताणायचं आणि फोन उचलायचा. स्वयंपाकघरात एकटीनं उघडला. आत पेढे नाहीत. वाळून चुरमडलेलं, तपकिरी, केरसुणीखालून निघतं तसं काहीबाही, आणि त्यात काळे दोरे. मी झाकण लावलं आणि डबा लोणच्याच्या बरणीमागं ढकलला. मला कचरा पाठवलात, असंच मला वाटलं.

त्यानंतर आठवडाही झाला नाही, आणि इवायांचा फोन आला.

ईनबाई, तुम्ही गेल्याचं दुःख आहेच. पण त्याच्या पोटात हे दुसरं बसलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का? जाता जाता मला कचरा म्हणून गेलात का? गेलेल्या माणसाबद्दल असं विचारायची लाज वाटते, तरी मी ओसरीवर बसून तेच विचारत होते.

तिथं जाऊबाई आल्या. मानलं त्यांना. झालं गेलं सगळं गिळून, पांढरी साडी नेसून, मोठ्या जीपमधून उतरल्या. सकाळची वेळ होती, केस चापून बसवलेले, चालणं असं की बायका सरकून वाट देत होत्या. तुमच्या फोटोपुढं बसल्या आणि रडायला लागल्या. खरं रडल्या, ईनबाई. तुमची माया, तुमचं गोड बोलणं, असं एकेक आठवून रडल्या. आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले तेव्हा त्यांचं काजळ सुटलं. आधी डोळ्यांखाली, मग गालांवरून, मग हनुवटीपर्यंत काळ्या धारा.

मी तुमच्याकडं बघायला मान वळवली. सवयीनं. तुम्ही तिथं फोटोत होतात, हार घातलेल्या.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, खांदे गदगदायला लागले. बायका म्हणाल्या, बघा, विहिणी-विहिणींत किती जीव होता. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग त्या हसण्याचं कधी रडणं झालं ते मलाही कळलं नाही. तेव्हापासून मी आतून वाळत चालले होते.

तेरावा करून रेणुका परत आली. मी परसातल्या पायरीवर बसायची, त्या ओंडक्यासमोर. शेंदरी पाहुणे येऊन गेले होते, लाकूड नुसतंच पडलेलं. रेणुका चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा, ती परत न्यायची. तिचीच आई गेलेली आणि तीच माझं करत होती, हे मला दिसत होतं, पण हात कपाकडं जात नव्हता.

काल तिनं लोणच्याची फळी आवरायला काढली. आतून विचारलं, "आत्याबाई, ह्यो डबा तुम्ही उघडलाच न्हाई का?"

"उघडलाय. टाकून दे. तुझ्या आईनं पाठवलेला कचरा आहे."

ती बाहेर आली, झाकण काढून आत बघितलं आणि पायरीवर माझ्याशेजारी मटकन बसली. हसली. मग डोळे पुसले. मग पुन्हा हसली.

"कचरा कसला आत्याबाई. ह्या तुम्ही आहात."

ती आतून बशी घेऊन आली. त्या चुरमडलेल्या काड्या बशीत पसरल्या, आणि तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं. आम्ही बघत बसलो. काही झालं नाही. मी म्हटलं, "मेलेलं आहे ते, कशाला बघतेस?"

"आई म्हनायची, रुसल्यात, जरा दम धरा."

आधी एक दोरा हलला. मला वाटलं वारा असेल. मग तो काळा दोरा हळूहळू सुटा झाला, वरचं चुरमडलेलं टोक फुगलं, आणि बघता बघता तिथं एवढीशी छत्री उघडली, बदामी, कडेला बारीक चुण्या घातलेली, जणू काही झालंच नव्हतं. तिच्यापाठोपाठ दुसरी. बशी भरून गेली.

रेणुकानं मग सांगितलं. सागाच्या पानांखाली उगवणारी ही. पावसानं ओढ दिली तेव्हा तुम्हाला ती वाळून पडलेली दिसली, मेली समजून तुम्ही पुढं गेलात, आणि पुढच्या सरीनंतर येऊन बघता तर त्याच जागी, तीच छत्री उभी. घरी येऊन तुम्ही लेकीला म्हणालात, "बाकीच्या छत्र्या एकदा गेल्या की गेल्या. कुनी सडतंय, कुनाचा धूर होतोय, कुनाचं काळं पानी. ही तेवढी नुसती वाळती. ऊन लागलं की तोंड मिटून बसती, जगाला वाटतं संपली. पन घोटभर पानी दावा, उठती. रुसायला हिला कारन लागत न्हाई आन् उठायला घोटाच्या वर काही लागत न्हाई. आपल्या ईनबाईच."

आणि डबा पाठवताना रेणुकाला फोनवर म्हणाल्या होतात म्हणे, आत्याबाई चिडल्या की डब्यातलीला पाणी घालायला सांग त्यांना. पोरीला वाटलं, डबा उघडल्याबरोबर मला कळेल. तुम्हालाही तेच वाटलं असणार. इतकी वर्षं तुमच्यासोबत फिरून मला एवढंही ओळखता येणार नाही, हे तुमच्या हिशेबातच नव्हतं.

आता आपलं भांडण. रुसायला कारण लागत नाही, हे मला मान्य नाही. साडीचा काठ खरंच बारीक होता, माझी साडी अजून कपाटात आहे, जाऊबाईंचीही असेल, मोजून घ्या. फोनचंही कारण भक्कम होतं. आणि दुसरं, ह्या ओळखीत तुमची एक चूक राहिली. छत्रीचा रंग धरलात, देठ धरला, वाळणं-उठणं सगळं धरलंत. पण तिला पाणी कोण घालतं, ते कुठंच धरलं नाहीत. मांडवात कप घेऊन उभी राहिलेली बाई त्या गुणात मोजायला नको होती का? एकट्या छत्रीला कसलं उठता येतंय.

हे मी मनातल्या मनात म्हणत होते, तोवर रेणुका आत जाऊन आली होती. तिच्या हातात कप होता. साडीबद्दल नाही, तुमच्याबद्दल नाही, कशाबद्दलच काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. तुमच्यासारखीच, एक पाय पुढं टाकून, कप माझ्या हाताच्या उंचीवर धरून.

मी दोन घोट घेतले आणि उठले.

ओळखलं, ईनबाई.